कोपरानं बघायचं पाणी

आईला हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा डिस्चार्ज कार्डावर अकरा औषधं होती. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, कुठली अर्धी तोडून, सगळं नीट टाइप केलेलं. सगळ्यात खाली एक ओळ होती, 'घरी नर्सिंग केअर'. म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. काळजी घ्यायची म्हणजे घ्यायची, त्यात विचारायचं काय, असं वाटलं.

2016 चा जुलै होता. आई 79 वर्षांची. पक्षाघाताचा झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आला होता, त्यामुळे उजवा हात-पाय गेला आणि बोलणंही गेलं. शब्द दोनच उरले, 'बरं' आणि 'नको'. त्यातही 'बरं' म्हणजे बरं असेलच असं नाही, आणि 'नको' म्हणजे कधीकधी 'अजून थोडं दे'. मनात एक असायचं, तोंडातून दुसरंच यायचं आणि आपलं चुकलं हे कळून ती कपाळाला आठ्या घालायची. आयुष्यभर गल्लीतल्या बायकांची भांडणं सोडवणारी बाई ही.

ॲम्ब्युलन्सवाल्या दोघांनी तिला पलंगावर ठेवलं, माझी सही घेतली आणि ते गेले. बायको शाळेतून संध्याकाळी येणार होती. मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला, म्हणजे घरात रिकामा मीच. दुपारी तीनच्या सुमाराला आईखालची चादर ओली झाली. मी नुसता उभा राहिलो. माणूस वर झोपलेला असताना खालची चादर बदलतात कशी? वयाच्या 54 व्या वर्षी मला कर्जाचे हप्ते तोंडी काढता येत होते, पण हे येत नव्हतं.

समोरच्या घरात सिस्टर राहायच्या. सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणायची. सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली होती, तरी नाव तेच. त्यांचं शिक्षण मिरजेला, वॉनलेस हॉस्पिटलमध्ये झालेलं. हे 1894 सालचं मिशनचं हॉस्पिटल, आमच्या भागातल्या जुन्या माणसांच्या तोंडी नुसतं 'मिशन'. ॲम्ब्युलन्स बघून त्या न बोलावता आल्या. आल्या आल्या घड्याळ आणि बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, हात धुतले, आणि 'कसं झालं, कधी झालं' यातलं काही न विचारता आईचा गुडघा वाकवून, खांदा आणि कंबर धरून तिला अलगद कुशीवर वळवलं. पाठ बघितली.

"भाऊ, हे कधीपासनं?"

माकडहाडावर जुन्या रुपयाएवढा जांभळट डाग होता. हॉस्पिटलमध्ये मला सांगितलं होतं, रॅश आहे, पावडर लावा. सिस्टरनी त्यावर बोट दाबलं, उचललं, पुन्हा दाबलं. "चांगली कातडी असली की बोट काढल्यावर क्षणभर फिकी पडते आणि परत रंग भरतो. ही फिकी पडत नाही. गोऱ्या माणसाला लाल दिसतं, आपल्या रंगाला लाल दिसत नाही. काळसर दिसतं, जांभळं दिसतं. हाताला गरम लागतं नाहीतर टणक लागतं. रंगावर जाऊ नका, हात लावून बघा."

ती बेडसोअरची पहिली पायरी होती. बारा दिवसांत कुणी तिला धड कुशीवर वळवलं नव्हतं. त्या हॉस्पिटलचं नाव इथे लिहीत नाही. राग होता, अजूनही थोडा आहे. पण तिथल्या रात्रपाळीला एका पोरीच्या वाट्याला किती खाटा होत्या, तेही मी डोळ्यांनी बघितलंय.

तर चादर. सिस्टरनी ती कशी बदलली ते सांगतो, कारण त्या दहा मिनिटांत माझा बराच माज उतरला. आई डाव्या कुशीवर होती. तिच्या पाठीमागची मोकळी झालेली अर्धी चादर सिस्टरनी गुंडाळत गुंडाळत तिच्या पाठीला नेऊन टेकवली. तेवढ्याच अर्ध्या गादीवर स्वच्छ चादर अंथरली, कडा गादीखाली दाबली आणि उरलेली गुंडाळी जुनीच्या शेजारी लावली. मग आईला त्या दोन गुंडाळ्यांच्या उंचवट्यावरून हळूच दुसऱ्या कुशीला आणलं, पलीकडून जुनी ओढून काढली, नवी पसरली. आई उठली नाही, बसली नाही, उघडीही पडली नाही. वर कमरेखाली मेणकापड, त्याच्यावर एक आडवी सुती चादर. दवाखान्यात मेणकापडाला मॅकिंटॉश म्हणतात, पाऊस लागू न देणारं कापड काढणाऱ्या चार्ल्स मॅकिंटॉश नावाच्या स्कॉटिश माणसावरून. 1823 साली त्यानं पेटंट घेतलं होतं. मेणकापड अंगाला थेट लागू द्यायचं नाही, घाम धरतं. म्हणून वर आडवी चादर. ती मात्र नुसती घाम टिपायला नव्हे, तर उचलायलाही.

हे मला पुढे कळलं. आई पलंगावर खाली घसरायची आणि मी काखेत हात घालून तिला वर ओढायचो. सिस्टरनी एकदा बघितलं आणि ओरडल्याच. ओढताना आतलं हाड सरकतं, पण कातडी चादरीला चिकटून तिथेच राहते. मधल्या मध्ये बारीक रक्तवाहिन्या पिळवटून निघतात. शिवाय लकवा झालेल्या हाताचा खांदा आधीच सैल झालेला, ओढला तर सांध्यातून निखळायचा. म्हणून दोघांनी दोन बाजूंनी आडवी चादर अंगालगत मुठीत धरायची, एक-दोन-तीन म्हणायचं आणि उचलून सरकवायचं. मी एकटा असलो की दूध घालायला येणाऱ्या पोराला हाक मारायचो. त्यालाही ते जमायला लागलं.

चादर घातल्यावर सिस्टर तिच्यावरून तळहात फिरवायच्या. सुरकुती नको, बटण नको, बिस्किटाचा कण नको. "आपल्याला खडा टोचला तर आपण हलतो. आक्कांना हलता येत नाही, म्हणून आपण आधी बघायचं." आईला तिची वाकळ हवी होती. जुन्या लुगड्यांची, तिनंच शिवलेली. पण वाकळेचे टाके उभे असतात, पाठीला त्यांचे वळ उठतात. वाकळ खाली नको, वरून घाला, असा निकाल लागला. आईनं डाव्या हातानं तिची कड मुठीत धरली आणि म्हणाली, "बरं." ते खरंच बरं होतं, असं मला वाटतं.

अंग पुसायचं काम पहिले तीन दिवस सिस्टरनी केलं. चौथ्या दिवशी म्हणाल्या, आता तुम्ही.

इथे मी अडलो. बायको सकाळी पावणेसातला घर सोडायची. कऱ्हाडच्या मावशीनं फोनवर विचारून झालं होतं, "सून आहे ना घरात?" आहे, पण ती पाचवी ब ला गणित शिकवतेय, असं मी म्हणालो तर मावशी गप्प झाली. सूनही परक्याच घरातनं आलेली पोर, तिला कमी लाज वाटते असं आपण कशावरून धरून चालतो, कोण जाणे. नर्सिंग ब्युरोतून ठेवलेली बाई टिकली नव्हती. राहिलो मी. ज्या बाईनं आयुष्यात माझ्यासमोर पदर ढळू दिला नाही, तिला मी पुसायचं होतं.

सिस्टरनी मला लाजेवर भाषण दिलं नाही. चादर दिली. मोठी, जुनी, धुऊन मऊ झालेली. "ही अंगावरून शेवटपर्यंत काढायची नाही. खालून हात घालून काम करायचं. पुसायचं तेवढंच उघडायचं, पुसून झालं की झाकायचं. आणि आधी सांगायचं. आक्का, आता डावा हात. आक्का, आता पाठ. न सांगता हात लावला की माणूस दचकतं."

मग पाणी. दोन बादल्या, एक साबणाची, एक साधी. मी तळहात बुडवून म्हणालो, ठीक आहे. त्यांनी माझा हात बाजूला केला, स्वतःचं कोपर बुडवलं आणि म्हणाल्या, गार पाणी आणा अजून तांब्याभर. "तळव्याला खरं कळत नाही. तापलेली भांडी उचलून उचलून तो निब्बर झालेला असतो. कोपर खोटं बोलत नाही."

खिडकी लावायची, पंखा बंद. सुरुवात डोळ्यांपासून, नुसत्या पाण्यानं, नाकाकडून कानाकडे. दुसऱ्या डोळ्याला कापडाचा दुसरा कोपरा. मग तोंड, कानामागे, मान. हात पुसताना मनगटाकडून काखेकडे लांब लांब. आईची उजवी मूठ मिटलेली असायची. चौथ्या दिवशी ती मी पहिल्यांदा उघडली. जबरदस्ती करायची नाही, आधी मनगट थोडं आत वाकवायचं, मग अंगठ्यापासून एकेक बोट. आत आंबूस वास होता, कातडी पांढरी पडून भिजल्यासारखी झाली होती आणि नखांच्या चार चंद्रकोरी तळव्यात उमटल्या होत्या. हॉस्पिटलमध्ये रोज दोनदा राउंड व्हायचा, बीपी लिहिलं जायचं, रक्त तपासलं जायचं. मूठ कुणी उघडली नव्हती. मीही नाही. मी नखं कापली, बेचक्या धुतल्या, कोरड्या केल्या आणि जुनेराची गुंडाळी करून मुठीत दिली. तिनं त्या हाताकडे बघितलं, जणू तो शेजारणीचा असावा.

छातीखालच्या घड्या, काख, जांघा. पुसायचं नाही, टिपायचं. घडीत ओल राहिली की दोन दिवसांत खाज आणि चट्टे. पाय झाले की पाणी बदलायचं, मग पाठ. सगळ्यात शेवटी खालचं, वेगळ्या कापडानं, ताज्या पाण्यानं आणि नेहमी पुढून मागे. मागचे जंतू पुढे आले की लघवीचं इन्फेक्शन होतं, आणि त्या वयात ते ताप न येता नुसत्या बरळण्यानंही सुरू होऊ शकतं. हे करताना पहिल्या दिवशी आईनं डोळे मिटून घेतले. मीही जवळजवळ मिटलेच होते, म्हणून सिस्टर म्हणाल्या, "बघून करा. न बघता केलं की राहतं."

आठवडाभरानं तिनं डोळे मिटायचं सोडलं. मी काम करायचो आणि ती छताकडे बघत मधेच 'बरं, बरं' म्हणायची, मी लहानपणी पाढे म्हणायचो तेव्हा स्वयंपाकघरातून म्हणायची तसं.

कपड्यांचा एक नियम आहे, तो मला फार आवडला. घालताना आधी दुबळा हात, काढताना आधी चांगला. उलट केलं की दुबळा हात बाहीत अडकतो आणि खांदा दुखावतो. केसांचंही तसंच. आईचा जन्मभराचा अंबाडा मानेमागं टोचायला लागला, तेव्हा सिस्टरनी दोन्ही कानांवर दोन वेण्या घातल्या. 79 वर्षांची बाई शाळेला निघाल्यासारखी दिसायला लागली. बायको हसली, आईही अर्ध्या तोंडानं हसली.

अर्धं तोंड. त्यावरून आठवलं. जेवण झाल्यावर उजव्या गालात घास तसाच राहायचा, तिला कळायचं नाही. एकदा रात्री आठची गोळी मला सकाळी सातला गालात सापडली, अर्धी विरघळलेली. तेव्हापासून भरवून झालं की बोटाला ओलं फडकं गुंडाळून गालातून फिरवायचं. तोंड स्वच्छ ठेवणं म्हणजे नुसता वास जाणं नव्हे. तोंडातली घाण श्वासाबरोबर छातीत उतरली की न्यूमोनिया. कवळी रात्री काढायचीच. भरवताना उशा लावून सरळ बसवायचं, हनुवटी थोडी खाली, आणि नंतर अर्धा तास झोपवायचं नाही. पाण्यापेक्षा दाटसर पेज सोपी जाते, पाणी घशात धावतं आणि ठसका लागतो. हे सगळं आमच्या कार्डावर लिहिता आलं असतं. अकरा औषधांच्या खाली जागा होती.

कूस बदलण्याचं वेळापत्रक मी एका वहीत आखलं. दर दोन तासांनी डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवी कूस नाही, कारण मग खुब्याच्या हाडावर भार येतो. पाठीमागं उशी लावून थोडी तिरकी. दोन गुडघ्यांच्या मध्ये एक उशी. पोटरीखाली एक, म्हणजे टाच गादीला टेकतच नाही, अधांतरी राहते. लाल जागी चोळायचं नाही. हे सिस्टरनाही उशिरा कळलेलं होतं. "आम्हाला शिकवलं तेव्हा पाठीला स्पिरिट चोळायचं, वर पावडर. परीक्षेत मार्क असायचे त्याला. नंतर कळलं, स्पिरिटनं कातडी कोरडी पडते आणि चोळून आतलं मांस अजून दुखावतं. किती जणांना चोळलं असेल मी." त्या थोडा वेळ गप्प होत्या.

हवेची गादीही आणली. तिच्या नळ्या आळीपाळीनं फुगतात आणि बसतात. चांगली वस्तू आहे, पण आमच्याकडे वीज गेली की पंप बंद आणि गादी हळूहळू चपटी. एकदा दुपारी तीन तास वीज नव्हती. मी हात घालून बघितला तर आई सरळ फळीवर. मशीन आणलं म्हणून दोन तासांचा नियम सुटत नाही, हे तेव्हा समजलं.

रात्रीच्या दोनच्या आणि चारच्या पाळीला मी जेरीला यायचो. अशाच एका रात्री, माझी चिडचिड बघून, सिस्टरनी केईएमचा विषय काढला. अरुणा शानबाग. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधली परिचारिका, 27 नोव्हेंबर 1973 ला तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला आणि तिच्या मेंदूला कायमची इजा झाली. त्यानंतर 18 मे 2015 ला न्यूमोनियानं जाईपर्यंत ती त्याच हॉस्पिटलमध्ये होती. 41 वर्षांहून जास्त. तिला दयामरण द्यावं अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली, मार्च 2011 मध्ये ती फेटाळली गेली. त्या निकालावर, इच्छामरणावर पुष्कळ लिहिलं गेलं. सिस्टरना त्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, ते मोठ्या लोकांचं, मला नाही कळत. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. "एवढ्या वर्षांत त्या बाईला एक बेडसोअर झाला नाही, भाऊ. एकसुद्धा. हिशेब करा, किती वेळा कूस बदलली असेल."

मी बँकेतला माणूस, खरंच हिशेब केला. दिवसाला बारा वेळा धरलं तर 41 वर्षांत पावणेदोन लाखांच्या वर. प्रत्यक्षात कमी-जास्त असेल. पिढी बदलली, सुरुवातीच्या मैत्रिणी निवृत्त झाल्या, तिच्या हल्ल्यानंतर जन्मलेल्या पोरी स्टाफ नर्स होऊन आल्या, आणि पाळी चुकली नाही. या कामाला पदक नाही, कारण यात घडत काहीच नाही. जखम झाली नाही, ही बातमी कशी होणार? आईच्या वहीतही तसंच आहे. रकाने, वेळा, आणि पुढे 'पाठ ठीक' एवढंच. महिन्याभरात तो जांभळा डाग मावळला. त्या दिवशीही मी 'पाठ ठीक' एवढंच लिहिलेलं आहे.

पण मी शहाणा झालो होतो असं समजू नका. डिसेंबरात थंडी पडली. आईचे पाय गार लागत होते म्हणून मी रबरी पिशवीत गरम पाणी भरून पायाशी ठेवलं. टॉवेल गुंडाळला होता. उजव्या पायाशी, कारण तोच जास्त गार लागत होता. सकाळी बघतो तर घोट्याच्या वर मोठा फोड. तिला रात्रभर काही कळलं नव्हतं. जिथं संवेदनाच नाही तिथं 'पोळतंय' कोण सांगणार? आणि डावीकडे असतं, पोळलं असतं, तरी तिनं सांगायचं काय, 'बरं' की 'नको'?

सिस्टर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ड्रेसिंग केलं, पिशवी उचलली आणि स्वतःच्या घरी घेऊन गेल्या. परत दिली नाही. त्याऐवजी माझ्या वडिलांचे लोकरी मोजे शोधून काढायला लावले. तो फोड भरायला पाच आठवडे लागले. रोज ड्रेसिंग करताना मी तो बघायचो.

झोपेचं सांगायचं राहिलं. हॉस्पिटलात आई रात्री झोपायचीच नाही, घरीही पहिले पंधरा दिवस तेच. डॉक्टर झोपेची गोळी द्यायला तयार होते. सिस्टर म्हणाल्या, थांबा, आधी तिला उठवतंय कोण ते बघू. बघितलं तर आम्हीच. लघवी वाढवणारी गोळी रात्री नऊला होती, म्हणून बाराला आणि दोनला चादर ओली. डॉक्टरांना विचारून ती सकाळी केली. कूस बदलणं, डायपर बघणं, पाणी पाजणं हे तीन वेगवेगळ्या वेळी चाललं होतं, ते एकाच फेरीत बसवलं. दुपारी ती तीन तास झोपायची. ते मोडून तिला खिडकीशी बसवायला लागलो, रस्त्यावरची भाजीवाली दिसेल असं.

आणि आमची कुजबुज. रात्री मी आणि बायको दाराशी उभे राहून हळू आवाजात खर्चाचं, उद्याचं बोलायचो. आईला त्रास नको म्हणून हळू. सिस्टर म्हणाल्या, त्यापेक्षा आत येऊन मोठ्यानं बोला नाहीतर बाहेर जा. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं हेच दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय, हे मी नंतर वाचलं. रुग्णाच्या कानाशी चाललेली कुजबुज क्रूर, कारण ती आपल्याबद्दलच आहे हे त्याला कळतं आणि ऐकण्यासाठी तो जिवाचे कान करतो. रुग्णाच्या पलंगावर बसू नये, त्याला टेकू नये, धक्का देऊ नये, हेही तिचंच. आमच्याकडे तर भेटायला येणारा प्रत्येक जण आधी पलंगावरच बसायचा. मी दोन खुर्च्या आणून ठेवल्या आणि आल्यागेल्याला, वाईट दिसलं तरी, तिथं बसवायला लागलो.

तिन्हीसांजेला आई अस्वस्थ व्हायची. डाव्या हातानं चादर चिवडायची, दाराकडे बघायची. अंधुक प्रकाशात म्हाताऱ्या मेंदूला सावल्यांचे अर्थ लागत नाहीत. आम्ही दिवेलागणीच्या अर्धा तास आधीच खोलीतला दिवा लावायला लागलो, चष्मा डोळ्यांवर आणि घड्याळ समोर. सगळंच थांबलं नाही, पण बरंच थांबलं.

जानेवारीत ती पडली. रात्री तीनला, मी शेजारच्या खाटेवर घोरत असताना. पलंगाला मी दोन खुर्च्या लावून ठेवल्या होत्या, आडकाठी म्हणून. डाव्या हाता-पायात जोर येत होता, तिनं खुर्ची सरकवली आणि उतरायला गेली. हाड मोडलं नाही, नशीब. मी खाटेला चांगले उंच कठडे लावून घ्यायला निघालो होतो. सिस्टर म्हणाल्या, "उतरायचं ठरवलेला माणूस कठड्यावरून चढतो आणि अजून उंचावरनं पडतो. ती कशाला उतरत होती ते विचारा की." विचारणार कसं? पण उत्तर सोपं होतं. तिला लघवीला जायचं होतं. डायपर होता, तरी तिला जायचं होतं. सुताराकडून पलंगाचे पाय चार इंच कापून घेतले. भांड्याची खुर्ची तिच्या डाव्या, चालत्या बाजूला ठेवली. रात्री दहाला आणि पहाटे पाचला विचारायचं ठरलं. मंद दिवा रात्रभर. आणि देवघरातली छोटी घंटा तिच्या डाव्या हाताशी. ती घंटा तिनं पहिल्या दिवशी चौदा वेळा वाजवली. कामासाठी दोनदा. बाकी, मी येतो का ते बघायला.

मार्चमध्ये ताप आला, छाती भरली. चार दिवस पुन्हा हॉस्पिटल, मग डॉक्टरच म्हणाले, घरी न्या. घरीच गेली, पहाटे, वाकळ अंगावर. वहीत पहाटे चारची नोंद आहे, डावी कूस, पाठ ठीक.

सकाळी नातेवाईक जमले. कऱ्हाडहून मावशी आली. आता आंघोळ घालायची, पुरुषांनी बाहेर व्हा, असं कुणीतरी म्हणालं. मी उभाच राहिलो. मावशीनं माझ्या पाठीला हात लावला, "चल बाळा, बायकांचं काम आहे हे." आठ महिने मी एक दिवस चुकवला नव्हता. पण ते सांगण्याची ती वेळ नव्हती आणि मला बोलताही येईना. मी पडवीत येऊन उभा राहिलो. दार लागलं. आत बादली सरकवल्याचा आवाज आला, मग तांब्याचा. उजवी मूठ उघडायला कुणाला सुचेल का, असं माझ्या मनात आलं.

मी दारावर टकटक केली.

"पाणी कोमट आहे ना?"

आत क्षणभर सगळ्या गप्प झाल्या. मग सिस्टरचा आवाज आला.

"कोपर घालून बघितलंय, भाऊ."